खाज एक, कारणे अनेक
(आपल्या सहकारी-मित्रांच्या मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सातपुड्यातल्या पाड्यांवर आपले काम कसे चालले आहे, किती शिबिरे झाली, किती रुग्ण तपासले, हे तुम्ही दर तिमाहीला वाचता. म्हणून आज मी अहवाल वाचणार नाही. मी त्वचारोगाची डॉक्टर आहे. शिबिरात माझ्यासमोर येणाऱ्या दहा माणसांपैकी बहुतेकांचे पहिले वाक्य एकच असते: "बाई, खाज येते." मग दुसरे वाक्य: "ती ट्यूब द्या." आज मला या दोन वाक्यांच्या मधल्या जागेविषयी बोलायचे आहे. खाज सगळ्यांची सारखी असते, पण तिचे कारण सारखे नसते. आणि कारण न पाहता दिलेली ट्यूब कधी कधी आजारापेक्षा जास्त नुकसान करते.

या खाजेच्या मागे फार वेळा जो आजार असतो, त्याला मराठीत आपण इसब म्हणतो. इंग्रजी शब्द एक्झिमा. तो मूळ ग्रीक शब्दावरून आला असून त्याचा अर्थ 'उकळून वर येणे' असा आहे. ज्याने ताजा इसब पाहिला आहे, त्याला हे नाव पटेल. कातडीवर बारीक फोड उठतात, फुटतात, लस वाहते. दूध उतू गेल्यासारखे दिसते.

सर्वांत आधी एक गोष्ट सांगते, कारण भाषण संपेपर्यंत तुमच्या मनात तीच राहावी अशी माझी इच्छा आहे. इसब संसर्गजन्य नाही. हात मिळवल्याने, शेजारी बसल्याने, एका ताटात जेवल्याने तो होत नाही. हे पाड्यावर सांगावे लागते, तसेच आपल्या मंडळीतही सांगावे लागते. ज्याच्या हातावर चट्टे आहेत, त्याच्याशी हात मिळवायला आपणही कचरतो, आणि प्रभुभोजनाच्या वेळी तो भाऊ आपणहून मागच्या बाकावर जाऊन बसतो.

इसब म्हणजे काय

आपली कातडी ही एक भिंत आहे असे समजा. पेशी म्हणजे विटा, आणि त्यांच्यामधली स्निग्ध द्रव्ये म्हणजे गारा. गारा नीट असेल तर आतले पाणी आत राहते आणि बाहेरची धूळ, साबण, जंतू बाहेर राहतात. इसबात ही भिंत कुठेतरी फुटलेली असते. आतला ओलावा निघून जातो, बाहेरचे आत शिरते, आणि शरीर त्याच्याशी झुंजू लागते. त्या झुंजीतून खाज आणि सूज येते. माणूस खाजवतो. खाजवल्याने भिंत आणखी ढासळते, म्हणून आणखी खाज येते. हे चक्र कुठे तोडायचे, हाच उपचाराचा सारा प्रश्न.

इसब नवा असतो तेव्हा बारीक पुटकुळ्या येतात आणि लस वाहते. काही दिवसांनी लस वाळते, खपल्या धरतात. महिनोन् महिने राहिला तर कातडी जाड, काळपट, रेघारेघांची होते. डॉक्टर दुरूनही ओळखतात: हा माणूस फार दिवस खाजवतो आहे.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. पुस्तकांत लिहिलेले असते की इसबाची कातडी लाल दिसते. ती पुस्तके गोऱ्या कातडीवरून लिहिली गेली. आपल्या सावळ्या कातडीवर, आणि पाड्यावरच्या उन्हात रापलेल्या कातडीवर, लाली सहज दिसत नाही. चट्टा जांभळट, तपकिरी किंवा राखाडी दिसतो. पुष्कळदा केसांच्या मुळाशी बारीक टोचरे उंचवटे येतात. म्हणून नुसते पाहून भागत नाही. बोटाने चाचपून कोरडेपणा आणि जाडी तपासावी लागते. बरे झाल्यावर काळे किंवा फिकट डाग मागे राहतात, आणि आईला वाटते की आजार गेला नाही, कोड आले. ते कोड नसते. डाग सावकाश, काही महिन्यांत, मावळतात.

लहान मुलांचा इसब

इसबाचा सर्वांत ओळखीचा प्रकार लहानपणी सुरू होतो, बहुतेक मुलांत पहिल्या पाच वर्षांच्या आत. याला एटॉपिक इसब म्हणतात. घरात कुणाला दमा असतो, कुणाला सर्दी-शिंकांची ॲलर्जी असते, आणि त्याच घरातल्या बाळाला हा इसब होतो. 2006 मध्ये संशोधकांनी दाखवून दिले की कातडीची भिंत घट्ट ठेवणाऱ्या फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकात दोष असेल, तर हा इसब होण्याची शक्यता वाढते. म्हणजे ही कातडी जन्मतःच कोरडी असते. आईने काही खाल्ले म्हणून किंवा कुणाची नजर लागली म्हणून हे झालेले नसते.

याची जागा वयाप्रमाणे बदलते. तान्ह्या बाळाला गालांवर, कपाळावर, डोक्यावर आणि हातापायांच्या बाहेरच्या बाजूला येतो; लंगोटाची जागा बहुधा साफ राहते. मूल चालू लागले की तो कोपराच्या आणि गुडघ्याच्या खोबणीत, मनगटावर, मानेवर उतरतो. मोठेपणी हातांवर, पापण्यांवर राहू शकतो. पुष्कळ मुले वाढत्या वयाबरोबर यातून सुटतात, पण कातडीचा कोरडेपणा राहतोच.

गालांवर फिकट, किंचित खवलेदार पांढुरके चट्टे आले की घरात म्हणतात, "पोटात जंत झाले" किंवा "कॅल्शियम कमी आहे." हे चट्टेही पुष्कळदा या कोरड्या कातडीचेच सौम्य रूप असते. तेल किंवा मलम लावल्याने आणि उन्हापासून जपल्याने ते जातात.

या इसबाची खरी किंमत कातडीवर दिसत नाही, ती रात्री कळते. डिसेंबर-जानेवारीत सातपुड्यात थंडी कोरडी असते. मूल रात्रभर खाजवते, आई रात्रभर त्याचा हात धरून बसते, आणि पहाटे तिला पाण्याला आणि मग मजुरीला जायचे असते. एका शिबिरात दोन वर्षांची मुलगी आणली होती. कोपरे सोलवटलेले, डोळे झोपेने जड. शेजारणींनी सांगितल्यामुळे आईने तिला अंगणवाडीत पाठवणे बंद केले होते, कारण 'इतर मुलांना लागेल'. आणि अंडे बंद केले होते, कारण 'अंडे उष्ण'. आदिवासी भागातल्या अंगणवाडीत अमृत आहार योजनेतून मुलांना अंडे किंवा केळे मिळते. त्या मुलीच्या दिवसभराच्या जेवणातला सर्वांत चांगला घास तोच होता. इसबाने तिचे जितके वजन घटवले नसते, तितके त्या पथ्याने घटवले.

म्हणून हे स्पष्ट सांगते. बहुतेक मुलांच्या इसबाला पथ्याची गरज नसते. काही थोड्या मुलांना एखाद्या अन्नाची खरी ॲलर्जी असते. तो पदार्थ खाल्ल्यावर थोड्याच वेळात ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात, उलटी होते. ती गोष्ट वेगळी, आणि त्याचा निर्णय डॉक्टरांनी करायचा. एरवी अंडे, दूध, डाळ, मासे बंद करू नका. जिथे मुले आधीच अशक्त आहेत, तिथे हा सल्ला औषधाइतका महत्त्वाचा आहे.

बिब्बा, गाजर गवत आणि नकली चांदी

दुसरा मोठा प्रकार स्पर्शातून होणारा. यात दोन तऱ्हा आहेत. एक, ज्या वस्तूने कुणाचीही कातडी झिजेल अशी: धुण्याची पावडर, चुना, सिमेंट, सतत पाणी. भांडी-धुणी करणाऱ्या बाईच्या हातांना भेगा पडतात त्या याच. दुसरी तऱ्हा ॲलर्जीची. ती सर्वांना होत नाही. पण एकदा शरीराने त्या वस्तूशी वैर धरले की नखाएवढ्या स्पर्शानेही पुरळ उठते. आणि ते लगेच उठत नाही, बहुधा एक-दोन दिवसांनी उठते. म्हणून रुग्णाला कारण सुचत नाही. तो आज काय केले ते सांगतो. मला परवा काय केले ते विचारावे लागते.

बिब्बा तुम्हांला माहीत आहे. 'कामात बिब्बा घालणे' हा वाक्प्रचार आपण सहज वापरतो. सातपुड्याच्या जंगलात बिब्ब्याची झाडे आहेत. त्याच्या कवचात काळे, जळजळीत तेल असते. गुडघा दुखला की ते तेल चटका देऊन लावतात, आणि कित्येकदा 'बिब्बा उततो': फोड येतात, लस वाहते, सूज चेहऱ्यापर्यंत चढते. आंबा आणि काजू ही बिब्ब्याचीच भावंडे, एकाच कुळातली. म्हणून कैरीचा चीक तोंडाला लागून भाजल्यासारखे होते, आणि काजूच्या टरफलाच्या तेलानेही हात उततात. पूर्वी धोबी कपड्यांवर खुणा करायला बिब्ब्याचा रस वापरत. दुसऱ्या महायुद्धात भारतात असलेल्या परदेशी सैनिकांच्या मानेवर, नेमके कॉलरला टेकते तिथे, पुरळ उठू लागले. डॉक्टरांनी शोध घेतला तेव्हा कारण निघाले धोब्याची खूण.

आता आपल्या घरची गोष्ट. हिवाळ्यात आपण डिंकाचे लाडू करतो, त्यात गोडंबी घालतो. ती गोडंबी म्हणजे बिब्ब्याच्या कठीण कवचाआतला गर. ते कवच फोडताना तेल उडते ते फोडणाऱ्या बाईच्या बोटांवर, मनगटावर, कधी पापणीवर. मी अशा बायकांचे हात पाहिले आहेत. हाताला राख चोळून त्या कामाला बसतात. त्यांना मी काम सोडा असे सांगू शकत नाही, कारण त्यावर त्यांची चूल पेटते. मी सांगते ते एवढेच: आधी हाताला तेलाचा किंवा व्हॅसलिनचा जाड थर द्या, बिब्बा बोटाऐवजी चिमट्यात धरा, तोंडाला हात लावू नका, आणि काम झाल्याबरोबर साबणाने नीट धुवा. फोड आलेच तर त्यांवर आणखी काही उपाय न करता दवाखान्यात या.

दुसरे कारण गाजर गवत, ज्याला काँग्रेस गवतही म्हणतात. हे आपल्या मातीतले नाही. 1950 च्या दशकात ते पुण्यात प्रथम लक्षात आले, आणि परदेशातून आलेल्या गव्हाबरोबर त्याचे बी आले असे मानले जाते. आज ते बांधावर, रस्त्याकडेला, शाळेच्या आवारात सगळीकडे आहे. त्याचे सुकलेले कण हवेतून उडतात आणि उघड्या अंगावर बसतात. म्हणून याचा इसब चेहऱ्यावर, पापण्यांवर, मानेच्या बाजूंना, गळ्याच्या त्रिकोणात आणि कोपराच्या खोबणीत येतो. पन्नाशीचा शेतकरी, चेहऱ्याची कातडी जाड झालेली, पावसाळ्यानंतर जास्त त्रास, असे चित्र दिसले की मी आधी विचारते, "बांधावर कसले गवत आहे?" ते उपटायचे तर फुलण्याआधी, हातमोजे आणि अंगभर कपडे घालून. आणि ज्याला ॲलर्जी आहे त्याने ते काम मुळीच करू नये.

तिसरे कारण दागिने. भिल्ल आणि पावरा बायकांचे जड चांदीचे दागिने तुम्ही पाहिले असतील. अस्सल चांदीने सहसा त्रास होत नाही. पण चांदी महाग झाली, आणि भोंगऱ्याच्या बाजारात पांढऱ्या धातूचे दागिने स्वस्त मिळू लागले. जर्मन सिल्व्हर या नावात चांदी आहे, धातूत नाही. त्यात तांबे, जस्त आणि निकेल असते. घामाने निकेल सुटते आणि कातडीत शिरते. चट्टा नेमका दागिन्याच्या आकाराचा उठतो: गळ्याभोवती हार, मनगटावर कड्याची रेघ, कानाची पाळी चिघळलेली. शहरातही हेच होते. घड्याळाच्या बंदाखाली किंवा बेंबीजवळ जीन्सच्या बटणाखाली खाज येते ती बहुधा निकेलची. टिकलीच्या गोंदाने कपाळावर, केसांच्या काळ्या रंगाने कानामागे व कपाळाच्या कडेला, रबरी चपलेच्या पट्ट्याने पायावर होणारा इसब याच जातीचा.

स्पर्शाच्या इसबात चट्ट्याचा आकार आणि जागा हीच साक्ष असते. कारण सापडले आणि दूर केले तर हा इसब बरा होतो. कारण सापडत नसेल तर मोठ्या रुग्णालयांत पाठीवर संशयित वस्तूंच्या छोट्या पट्ट्या दोन दिवस चिकटवून तपासणी करतात.

इतर प्रकार थोडक्यात

तेलकट जागांचा इसब डोक्यात, भुवयांत, नाकाच्या कडेला, कानामागे आणि छातीवर येतो. पिवळसर, तेलकट कोंडा सुटतो. आपल्या कातडीवर राहणाऱ्या एका बुरशीशी याचा संबंध आहे. तान्ह्या बाळाच्या टाळूवर जी पिवळी पापडी धरते ती याचेच रूप. तेल लावून, थोड्या वेळाने हलक्या हाताने धुतली की सुटते. नखाने खरवडू नये.

नाण्यासारखा इसब हातापायांवर गोल, रुपयाएवढा येतो. गोल दिसतो म्हणून त्याला नायटा समजतात.

साबुदाण्यासारख्या पुटकुळ्यांचा इसब बोटांच्या कडांना, तळहातांवर आणि तळपायांवर येतो. पुटकुळ्या खोल, घट्ट आणि अतिशय खाजऱ्या असतात. घाम आणि मनावरचा ताण यांनी तो वाढतो.

पायाच्या शिरांचा इसब घोट्याच्या वर, आतल्या बाजूला येतो. शिरा फुगलेल्या असतात, पाय संध्याकाळी सुजतो, कातडी तपकिरी पडते. वर्षानुवर्षे उभ्याने काम करणाऱ्यांत तो दिसतो. इथे नुसते मलम उपयोगी नाही. पाय उशीवर उंच ठेवणे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने पट्टी बांधणे हा मुख्य उपचार. दुर्लक्ष केले तर न भरणारी जखम होते.

खाजवून झालेला इसब मानेमागे, घोट्यावर, मनगटावर एकाच जागी असतो. सुरुवात डास चावल्याने झालेली असेल. पुढे खाजवण्याची सवय लागते आणि कातडी चामड्यासारखी जाड होते. रात्री पट्टी बांधून ती जागा झाकली तरी पुष्कळ फरक पडतो.

म्हातारपणचा कोरडा इसब नडगीवर दिसतो. उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याच्या तळाला जशा भेगा पडतात, तशी कातडी दिसते. कढत पाणी आणि जास्त साबण हे याचे शत्रू. तुमच्या घरातल्या आजी-आजोबांच्या नडग्या आज संध्याकाळी पाहा.

इसब वाटतो, पण नसतो

शिबिरात मला सर्वांत जास्त सावध राहावे लागते ते इथे.

खरूज एका बारीक किड्याने होते आणि ती संसर्गजन्य आहे. खाज रात्री जास्त, घरातल्या अनेकांना एकाच वेळी, आणि जागा ठरलेल्या: बोटांच्या बेचक्या, मनगट, काख, बेंबी, गुप्तांग. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये तिचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांत केला. एका मुलाला औषध देऊन ती जात नाही. घरातल्या प्रत्येकाने, खाज असो वा नसो, त्याच रात्री मानेपासून तळपायापर्यंत पर्मेथ्रिनचे मलम लावायचे, सकाळी धुवायचे, कपडे-गोधड्या गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात टाकायच्या आणि आठवड्याने पुन्हा एकदा लावायचे. तान्ह्या बाळाला आणि गरोदर बाईला औषध आधी विचारून द्यायचे. किडे मेल्यावरही दोन-तीन आठवडे थोडी खाज राहते, त्याने घाबरू नये. पण खरूज चिघळू दिली तर जंतूंमुळे मुलाच्या मूत्रपिंडाला सूज येऊ शकते. सकाळी चेहरा सुजलेला आणि लघवी लालसर दिसली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे.

नायटा म्हणजे बुरशी. कडा उंच, खवलेदार, पुढे सरकणारी. मधला भाग साफ होत जाणारा. जांघेत, कमरेला, काखेत. हाही एकाचा दुसऱ्याला होतो.

आणि कुष्ठरोग. यातला चट्टा फिकट किंवा तांबूस असतो आणि तो खाजत नाही. उलट तिथे स्पर्श कळत नाही, घाम येत नाही, केस झडतात. म्हणून न खाजणाऱ्या चट्ट्याला आम्ही जास्त गांभीर्याने घेतो. जागतिक आरोग्य संघटनेने 1981 मध्ये अनेक औषधांचा एकत्रित उपचार सुचवला. तो आज सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतो आणि कुष्ठरोग पूर्ण बरा होतो. लेवीयच्या तेराव्या अध्यायात चट्टा पाहण्याचे नियम आहेत. तिथल्या मूळ शब्दाच्या पोटात अनेक प्रकारचे त्वचाविकार येतात, आणि याजकाने लगेच निर्णय न देता सात दिवसांनी पुन्हा पाहायचे आहे. घाईने कुणाला अशुद्ध ठरवू नये, एवढे तर आपण त्यातून घेऊ शकतो.

अशक्त मुलाच्या अंगावर सूज असेल आणि कातडीची काळपट साले निघत असतील, तर तो इसब नसतो, उपासमार असते. त्याला मलम नको, पोषण पुनर्वसन केंद्र हवे.

ती ट्यूब

आता त्या ट्यूबकडे येऊ. आपल्याकडे दुकानांत मिळणाऱ्या अनेक मलमांत तीन-चार औषधे एकत्र असतात: तीव्र स्टेरॉइड, बुरशीचे औषध आणि जंतूंचे औषध. काहीही झाले तरी त्यातले एखादे लागू पडेल, असा हिशेब. स्टेरॉइडने खाज दोन दिवसांत थांबते, म्हणून माणसाचा विश्वास बसतो. पण खाली नायटा असेल तर स्टेरॉइडच्या आडोशाने तो पसरतो, त्याची गोल कडा पुसली जाते आणि मग डॉक्टरालाही ओळखू येत नाही. खरूज असेल तर किडे निवांत वाढतात. चेहऱ्यावर महिनोन् महिने लावले तर कातडी कागदासारखी पातळ होते, मुरुमे येतात, शिरा दिसू लागतात, बायकांना चेहऱ्यावर केस येतात. जांघेत कायमचे ओरखडे पडतात. गोरे होण्यासाठी हे मलम लावणाऱ्या मुली शहरात आहेत आणि आता आश्रमशाळांतही आहेत. 2018 मध्ये सरकारने त्वचेवर लावायची बरीच स्टेरॉइड औषधे चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली. तरी आठवडी बाजाराच्या गावात ती सहज मिळतात.

याचा अर्थ स्टेरॉइड वाईट असा घेऊ नका. इसब पेटला असताना योग्य ताकदीचे स्टेरॉइड, योग्य जागी, मोजके दिवस लावणे हाच उत्तम उपचार आहे. माप सोपे आहे: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत निघालेले मलम दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. चेहऱ्याला आणि बाळाला सौम्य, तळहाताला तीव्र. कोणते, किती दिवस, हे तपासणाऱ्याने सांगायचे.

आणि रोजचा उपचार ट्यूबपेक्षा स्वस्त आहे. आंघोळ थोडक्यात, कोमट पाण्याने. साबण काखेला, जांघेला, पायांना पुरे. अंग टिपून घ्यायचे, घासायचे नाही, आणि अंग ओलसर असतानाच व्हॅसलिन किंवा खोबरेल तेल लावायचे. दिवसातून दोनदा, खाज नसली तरी. नखे कापलेली. अंगाला सुती कपडा. हे नेमाने केले तर ट्यूबची गरज निम्म्याहून कमी होते, असा माझा अनुभव आहे. अंडे पुन्हा सुरू करून ती मुलगी अंगणवाडीत गेली ती याच साध्या उपायांवर, आणि थोडे दिवसांच्या सौम्य मलमावर.

दोन वेळा मात्र घरी थांबू नका. इसबावर मधासारख्या पिवळ्या खपल्या धरल्या, पू आला, ताप आला, तर जंतू शिरले आहेत. आणि इसबावर एकाएकी दुखरे, एकसारखे, मध्ये खड्डा असलेले फोड पसरले आणि मूल मलूल झाले, तर तो विषाणू असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालय.

तुमच्याकडून काय हवे

नाताळाआधी तुमच्याकडून खोकी येतात. ती किती प्रेमाने भरलेली असतात हे मी उघडताना पाहते. म्हणूनच मोकळेपणाने सांगते. सुगंधी साबण आणि सुवासिक क्रीम पाठवू नका. ज्यांची कातडी आधीच फुटली आहे त्यांना ते झोंबते. त्याऐवजी साधे, बिनवासाचे व्हॅसलिन आणि सौम्य साबण द्या. लोकरी स्वेटर जरूर पाठवा, थंडी खरी आहे. पण प्रत्येक स्वेटरबरोबर आत घालायला एक सुती सदरा द्या, कारण लोकर थेट अंगाला लागली की कोरडी कातडी खवळते. जुने कपडे धुताना पावडर दोनदा खळबळून काढा. नेलकटर पाठवा, ते स्वस्त आहे, आणि कुणी पाठवत नाही. आणि घरात उरलेल्या मलमाच्या ट्यूबा कृपा करून खोक्यात टाकू नका, त्या कितीही नव्या दिसल्या तरी.

महिला मंडळाला आणि तरुण संघाला आणखी एक विनंती. आपल्या मंडळीत ज्यांच्या हातावर, चेहऱ्यावर इसब आहे, त्यांच्याशी येत्या रविवारी हात मिळवा, त्यांच्या शेजारी बसा. शिबिरात आमच्याबरोबर येणाऱ्या स्वयंसेवकांनाही मी हेच सांगते: आधी हात हातात घ्या, मग चट्टा पाहा, मग विचारा की खाज कधीपासून आहे, घरात आणखी कुणाला आहे, काम कोणते करता. एवढे केले की निम्मे निदान होते. औषधाचे कपाट त्यानंतर उघडायचे.

 तुमच्या देणग्या आणि प्रार्थना आमच्या पाठीशी आहेत, त्या तशाच राहू द्या.